मॉरिशस, सदतीस वर्षांनी : बाबांच्या चिमणीच्या शोधात

ऊसकन्या

मॉरिशसला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "लग्नाचा पंचविसावा का?" नाही हो. मी, माझा दादा, माझी लेक आणि आमचे ८३ वर्षांचे बाबा असे चौघं गेलो होतो. बाबा साखर कारखान्यातले केमिस्ट. १९८४ ते १९८७ ते कराराने मॉरिशसच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात होते. मी सात वर्षांची असताना गेले आणि दहाची असताना परत आले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आई आता नाही. ती असतानाच "एकदा सगळे जाऊन येऊ" असं दर दिवाळीत ठरायचं आणि भाऊबीजेपर्यंत विरायचं. २०२४ च्या ऑक्टोबरात शेवटी गेलो.

आमचं घर पांप्लमूसजवळ होतं. पांप्लमूस म्हणजे पपनस, हे मला या वेळी कळलं. तीन वर्षं पपनसात राहिले आणि पत्ता नाही! तिथली वनस्पतीबाग जगप्रसिद्ध आहे. लेकीला तिथली राक्षसी कमळपानं दाखवायची होती. परातीसारखी काठ वर वळलेली ती पानं, आणि लहानपणी मला वाटायचं की त्यांच्यावर मी सहज बसू शकेन. पानं तशीच आहेत. पण मी "मैलभर लांब" म्हणून सांगत आलेला तलाव फाटकापासून अगदीच जवळ निघाला. लेक म्हणाली, "आई, तुझा मैल छोटा होता." बागेत तालीपोट ताड आहेत. तो झाड म्हणून कित्येक दशकं जगतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो. बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "ऊससुद्धा तुरा आला की संपलाच." बाबांना सगळ्या वाटा उसाकडेच जाताना दिसतात, त्याला इलाज नाही.

डोंगर मात्र छोटा झाला नव्हता. पीटर बोथ म्हणजे ८२० मीटरचा सुळका आणि त्याच्या टोकावर, आता पडेल मग पडेल असा वाटणारा गोल धोंडा. एका डच गव्हर्नर जनरलचं नाव त्याला दिलंय, जो १६१५ मध्ये याच बेटाजवळ जहाज बुडून मेला. आम्हाला ते नाव माहीतच नव्हतं. शेजारची तांतीन (तिकडे मावशीला तांतीन म्हणतात) सांगायची की तो एक दूधवाला आहे. त्याने पऱ्यांना नाचताना पाहिलं आणि कुणाला सांगू नको म्हटलेलं असताना गावभर सांगितलं, म्हणून त्याचा दगड झाला. मी वर्गात कुणाचीही चहाडी करायच्या आधी खिडकीतून त्या धोंड्याकडे बघून घ्यायचे.

आता मुख्य गोष्ट. घर शोधायचं होतं. दादाने नकाशात पाच ठिकाणी खुणा करून ठेवल्या होत्या आणि पाचही चुकल्या. शेवटी बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "मोबाईल खिशात ठेव. चिमणी बघ." मॉरिशसमध्ये कारखाने बंद पडले तरी बऱ्याच ठिकाणी दगडी चिमण्या उभ्या ठेवल्यात. उसाच्या फडात नाहीतर नव्या बंगल्यांच्या मधोमध एकच उंच चिमणी, खाली काहीच नाही. आमचीही तशीच सापडली. आजूबाजूला कुंपण, आत प्लॉट पाडलेले, एक सुरक्षारक्षक आणि पत्र्याची केबिन.

मी रक्षकाला इंग्रजीत समजावून सांगायच्या तयारीत होते. तेवढ्यात बाबा काठी टेकत पुढे गेले आणि म्हणाले, "मो ती त्राव्हाय इसी." म्हणजे, मी इथे काम करायचो. सदतीस वर्षांत हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नव्हतं. घरी ते क्रिओल (तिकडची रोजची बोली) बोलायचेच नाहीत, ती आमची, पोरांची भाषा. रक्षकाने त्यांच्याकडे पाहिलं, केबिनमधली स्वतःची खुर्ची आणून दिली आणि फाटक उघडलं.

बाबा खुर्चीवर बसले नाहीत. चिमणीला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजायला लागले. बॉयलर इथे. मिल हाऊस इथे. मग डावीकडे वळून बॉयलिंग हाऊस, पॅन (रस आटवून साखरेचा दाणा पाडायची मोठी भांडी) वरच्या मजल्यावर. माझी प्रयोगशाळा... आणि ते थांबले ती जागा म्हणजे कुणाच्या तरी होऊ घातलेल्या पोहण्याच्या तलावाचा खड्डा. दादाला हसू आवरेना. बाबांनाही आलं. नंतर म्हणाले, "सगळं बरोबर आहे, फक्त वास नाही."

वासाबद्दल त्यांना कळेल ज्यांचं बालपण कारखान्याच्या आवारात गेलंय. गरम रसाचा गोड आणि मळीचा आंबूस, दोन्ही एकत्र. जून-जुलैत गाळप सुरू झालं की डिसेंबरपर्यंत हा वास आमच्या गणवेशाला, वह्यांना, आईच्या केसांना. गाळप संपलं की आई म्हणायची, "आता पोळीला पोळीचा वास येतो."

दुसऱ्या दिवशी बो प्लांचं साखर संग्रहालय पाहिलं. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि २००२ पासून तिथे संग्रहालय आहे, जुनी यंत्रं जागच्या जागी ठेवून. बेटाचा इतिहासही तिथेच कळतो : १५९८ मध्ये डच आले, १७१५ मध्ये फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज, आणि राज्य कुणाचंही असलं तरी ऊस तोच. मी पाट्या वाचत होते. बाबा एकही पाटी वाचत नव्हते. व्हॅक्यूम पॅनसमोर उभे राहून ते नातीला सांगत होते की पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात दाणा कसा बघतो, दाणा कधी धरायचा, कधी सोडायचा, आणि एक मिनिट चुकलं तर कसा सगळा पॅन हातचा जातो. हळूहळू आजूबाजूला सात-आठ पर्यटक जमले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण हात बघून कळत होतं. माझ्या लेकीने चौघांसाठी भाषांतर केलं, तेही चुकीचं.

बाकी फिरणं पर्यटकांसारखंच झालं. शामारेलची रंगीत माती, ल मोर्नचा डोंगर, कोदांचा धक्का, गंगा तलाव. समुद्रही पाहिला, घाबरू नका. फोटो आणि उरलेलं प्रतिसादांत टाकते, बोटं दुखली.

कंदील

मस्त लिहिलंय! "सगळं बरोबर आहे, फक्त वास नाही" इथे थांबले. माझे आजोबा सूतगिरणीत होते, त्यांचं असंच काहीसं होतं, भोंग्याबद्दल.

एक विचारायचं होतं. पालकांना, म्हणजे ऐंशीच्या पुढच्या, नेणं कितपत झेपतं?

ऊसकन्या

@कंदील, मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे झोपेचं खोबरं होत नाही. बेट इतकं लहान आहे (लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास) की कुठूनही कुठेही दुपारच्या जेवणाला पोचता येतं. आम्ही गाडी चालकासकट घेतली होती, कारण बाबा दर दोन किलोमीटरला "जरा थांबव" म्हणतात. स्वतः चालवायची असेल तर गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून जातात. व्हिसा भारतीयांना उतरल्यावर मिळतो, फुकट. परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण हाताशी ठेवा, आणि ऑनलाइन फॉर्म निघायच्या आधी भरून टाका.

झेपलं नाही ते फक्त ल मोर्न चढणं, आणि तो बेत आम्ही केलाही नव्हता.

शेंगदाणा_कूट

ते सगळं ठीक. एवढे पैसे घालून चिमणी बघायला गेलात? आमच्या तालुक्यात तीन बंद कारखाने आहेत, फुकट दाखवतो.

ऊसकन्या

@शेंगदाणा_कूट, पत्ता पाठवा, बाबा उद्या निघतील. चेष्टा नाही.

सह्यकडा

कारखाने का बंद पडले तिकडचे? मी ऐकलं होतं की मॉरिशस म्हणजे साखर.

ऊसकन्या

हो, स्वातंत्र्य मिळालं (१२ मार्च १९६८) तेव्हा निर्यात म्हणजे जवळजवळ फक्त साखरच होती. बाबांना विचारून लिहिते, म्हणजे यातलं जे चुकेल ते माझं.

१९७५ पासून युरोपशी करार होता. ठरलेली साखर ठरलेल्या भावाने युरोप घेणार, आणि तो भाव जागतिक बाजारापेक्षा बराच वर. आमच्या काळातला सगळा थाट त्या भावावर होता. मग युरोपने स्वतःचं साखरेचं धोरण बदललं, २००६ पासून भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. त्याच्या आधीपासूनच लहान कारखाने मोठ्यात मिसळत होते. आम्ही होतो तेव्हा वीसच्या आसपास कारखाने होते, आता तीन चालू आहेत. उसाचं क्षेत्रही जवळपास निम्म्यावर आलंय. जे कारखाने उरलेत ते चिपाडं जाळून वीज करतात, आणि मस्कोव्हाडो, डेमेरारा अशा खास तपकिरी साखरा करतात ज्यांना भाव मिळतो.

बाबांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते खरी अडचण दगडांची. ज्वालामुखीचं बेट, जमिनीत काळे धोंडे. मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वेचून शेतातच ढिगारे रचलेत, विमान उतरताना फडांच्या मधोमध छोटे पिरॅमिड दिसतात तेच ते. त्या जमिनीत तोडणीयंत्र चालत नाही. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी धोंडे काढून जमीन सपाट केली. जिथे ते परवडलं नाही तिथे ऊस सुटला आणि प्लॉट पडले.

हे ढिगारे आम्ही किल्ले म्हणून वापरायचो. दादाचा ढिगारा राजगड होता. माझ्या वाट्याला कायम सिंधुदुर्ग, म्हणजे ज्याच्या भोवती पावसाचं पाणी साचतं तो.

अर्धा_कप

खाण्याचं लिहा की. शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

ऊसकन्या

अजिबात नाही. ढोल पुरी हा तिकडचा रस्त्यावरचा राजा. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून भरलेली पातळ मऊ पोळी. म्हणजे गूळ विसरलेली पुरणपोळी समजा. ती जोडीनेच विकतात. त्यावर वालासारख्या मोठ्या शेंगदाण्यांची (बियांची म्हणायचंय, @शेंगदाणा_कूट मुळे बोट घसरलं) रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय (मसालेदार रस्सा) आणि मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून हातात देतात. गातो पिमां म्हणजे आपला डाळवडा. अलुदा म्हणजे फालुदाच, राजधानी पोर्ट लुईच्या बाजारातला. अननसाला उभ्या खाचा पाडून मीठ-मिरची-चिंच लावून देतात, ते खाताना लेक आणि मी दोघी अर्धा तास बोलत नव्हतो.

ढोल पुरीच्या गाडीवर मी बेधडक "दे पेर, पा त्रो पिमां" म्हटलं. दोन जोड्या, मिरची फार नको. विक्रेतीने माझ्याकडे पाहिलं आणि सुसाट क्रिओल सुरू केलं. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तर जे आलं ते सात वर्षांच्या मुलीचं क्रिओल होतं. मला "भूक लागली", "तो मला मारतो", "माझी गोटी दे" हे अस्खलित येतं. "आपण किती वर्षं हा धंदा करता" हे येत नाही. ती हसून हसून बेजार झाली.

पैशांबद्दल एक : आमच्या वेळी आपला रुपया आणि त्यांचा रुपया जवळपास बरोबरीत होते. या वेळी (२०२४) त्यांच्या एका रुपयाला आपले एक रुपया ऐंशी पैसे वगैरे पडले. बाबा प्रत्येक बिलावर १९८५ चा भाव सांगत होते. फेब्रुवारी २०२४ पासून तिकडे काही ठिकाणी यूपीआय चालतं. लेकीने ते केलं तेव्हा बाबांनी पावती तीनदा वाचली.

मोका_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसमध्येच राहतो. माझी मराठी शाळेत आणि नंतर महात्मा गांधी संस्थेत शिकलेली आहे, म्हणून पुस्तकी वाटेल. चुका पोटात घालाव्या.

आमच्या घरी क्रिओल बोलतात. आजीला मराठी गाणी येत होती, पण बोलणे येत नव्हते. गणपतीची आरती मात्र सर्वांना येते. गणेश चतुर्थीला येथे सार्वजनिक सुट्टी असते. आमच्याकडे झाकरी नाच आहे. तुमच्या कोकणात त्यास जाखडी म्हणतात, हे मला रत्नागिरीच्या एका पाहुण्याकडून कळले. तो आमचा नाच बघून रडला. आम्हाला वाटले आमचे काही चुकले.

आमचे बहुतेक पूर्वज रत्नागिरी भागातून आले. संस्थेत गिरमिटियांच्या (करारावर आणलेल्या मजुरांच्या) नोंदवह्या आहेत. माझ्या खापरपणजोबांची नोंद मी काढली. त्यात त्यांचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण आणि गाव आहे. गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले आहे, त्यामुळे ते कोणते गाव हे आजपर्यंत कळलेले नाही. आडनाव लिहिलेच नाही. त्यांच्या वडिलांचे नाव आमचे आडनाव झाले.

ताई, तुम्ही आप्रवासी घाटावर गेला होता का?

ऊसकन्या

गेलो होतो. तुमची मराठी माझ्या लेकीपेक्षा चांगली आहे, हे मी तिच्यासमोर लिहितेय.

आम्ही राहत होतो तेव्हा त्याला कुली घाट म्हणत. आप्रवासी घाट हे नाव १९८७ मध्ये झालं, म्हणजे आम्ही परतलो त्याच वर्षी. तेव्हा बंदराकडे जाताना गाडीतून दिसणाऱ्या पडक्या भिंती एवढंच मला आठवतं. आई म्हणायची, "इथे आपली माणसं उतरली." मला वाटायचं, आपणही विमानतळावर उतरलो की, त्यात काय. या वेळी त्या दगडी पायऱ्यांसमोर उभी राहिले. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केल्यावर १८३४ पासून इथे करारावर मजूर आणायला सुरुवात केली, आणि पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं या बेटावर उतरली. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मीपण करारावरच आलो होतो." आणि लगेच स्वतःच, "पण माझ्या करारात बंगला होता."

तुमच्या खापरपणजोबांच्या गावाचं नाव जसं लिहिलंय तसं इथे टाका ना. कोकणातले बरेच जण वाचतात.

मोका_मराठी

टाकतो. "मालगुंड" सारखे वाचता येते, पण शेवटची दोन अक्षरे शाईने खाल्ली आहेत. तालुक्याच्या जागी "रटनागेरी" आहे.

जुना_पोस्टमन

मालगुंड असेल तर गणपतीपुळ्याच्या शेजारी. माझं सासर तिकडचं. पण "माल" ने सुरू होणारी गावं कोकणात कमी नाहीत, मालवणसुद्धा आहे. त्या वेळी मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. नोंदीचा फोटो असेल तर बघू, जुनी इंग्रजी अक्षरं वाचायची सवय आहे. नोकरीच ती होती.

जाता जाता : पोर्ट लुईच्या ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ ची ती दोन दुर्मीळ टपाल तिकिटं आहेत, नारिंगी आणि निळं. पाहिलीत का? मी त्यासाठी आयुष्यभर पैसे साठवतोय.

ऊसकन्या

@जुना_पोस्टमन, पाहिली. रंग उडू नये म्हणून दिवा थोडाच वेळ लावतात, त्या वेळेला हजर राहावं लागतं. बाकी वेळ प्रतिकृती दिसते. तुम्ही जाल तेव्हा आधी वेळ विचारून जा.

रानपाखरू

पक्ष्यांचं काहीच नाही?! डोडो गेला, पण बाकीचे वाचले त्याची गोष्ट जास्त भारी आहे. मॉरिशस केस्ट्रेल (छोटा ससाणा) १९७४ मध्ये जंगलात अवघे चार उरले होते. चार! तिथून कृत्रिम पैदास, घरटी, खाणं पुरवणं असं करत शेकड्यांवर नेले. गुलाबी कबुतरांचंही तसंच. माहेबूरजवळ इल ओ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे, तिथे परकी झाडं काढून मूळचं जंगल परत उभं केलंय, आणि कबुतरं हातभर अंतरावर बसतात. मी २०२० मध्ये जाणार होतो, तेवढ्यात ते तेल सांडलं.

ऊसकन्या

@रानपाखरू, गेलो होतो तिथे. कबुतर खरंच गुलाबी असतं, मला वाटलं होतं कौतुकाने म्हणतात. म्हणजे मी शाळेत डोडोचं चित्र रंगवत होते तेव्हा जिवंत पक्षी संपत आले होते आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही.

तेलाचं : जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून साधारण हजार टन तेल निळ्या खाजणात गेलं. आमच्या गाडीचा चालक तेव्हा तिथे मदतीला होता. तो सांगत होता, लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरून लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. केससुद्धा भरले, लोक केस कापून देत होते. हे ऐकल्यावर बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि त्याला सविस्तर विचारलं : पाचट सुकं होतं की ओलं? किती तासांत भिजलं? बांधलं कशाने? तोही उत्साहाने सांगत होता. लेक म्हणाली, "आजोबा मुलाखत घेताहेत." समोर खाजण इतकं निळं होतं की डोळे दुखत होते.

अर्धा_कप

दादांचं काय झालं? तुम्ही त्यांना मध्येच सोडून दिलंत.

ऊसकन्या

दादाची फजिती लिहायची नाही असं ठरलं होतं. पण त्याने माझं क्रिओल सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकलंय, तेव्हा लिहिते.

दादा चाळीस वर्षं सांगतोय की आम्ही गंगा तलावावर गेलो असताना शंकराच्या प्रचंड मूर्तीच्या पायाशी तो हरवला आणि मूर्तीच्या अंगठ्याजवळ आईला सापडला. रंगवून सांगतो. आम्ही गेलो, ती १०८ फुटी मूर्ती पाहिली, दादाने नेमका अंगठा दाखवला, लेकीने फोटो काढला. मग चालक शांतपणे म्हणाला, "ही मूर्ती २००७ सालची आहे." त्याआधी तिथे तलाव होता, देऊळ होतं, माकडं होती, महाशिवरात्रीला कावडी घेऊन चालत येणारे हजारो लोक होते. मूर्ती नव्हती.

दादा दिवसभर गप्प. रात्री म्हणाला, "मग मी कुठे हरवलो होतो?" बाबा म्हणाले, "तू नव्हतास हरवला. ही हरवली होती. पांप्लमूसच्या बागेत." तर ती गोष्ट माझी निघाली! आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

कंदील

आई गं. 😂 आमच्या घरात अशा तीन गोष्टी आहेत ज्यांचा मालक ठरलेला नाही.

वादळं आठवतात का? तिकडे जानेवारीत जायचा विचार होता.

ऊसकन्या

जानेवारी-फेब्रुवारी टाळा. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम, त्यात हे दोन महिने वाईट. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहत गेल्याचे व्हिडिओ पाहिले असतील. इशाऱ्याचे चार वर्ग असतात, तिसरा लागला की सगळं बंद, घरात बसायचं. आम्हा पोरांना पहिला वर्ग लागला की आनंद, कारण बहुधा शाळा नसणार. आई मेणबत्त्या, आगपेट्या आणि खिचडीचं सामान काढायची, बाबा खिडक्यांना फळ्या ठोकायचे. नंतर उसाकडे बघवायचं नाही, सगळा आडवा. मे ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत जा. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी हलका स्वेटर लागतो, उंचावरच्या क्युरपीपकडे तर नक्कीच.

सह्यकडा

आणि तांतीन? भेटल्या का? सगळा धागा वाचत आलो त्यांच्यासाठी.

ऊसकन्या

नाही. आमच्या घराच्या आणि त्यांच्या घराच्या जागी आता दुमजली काँक्रीटची घरं आहेत, आणि राहणाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. मी जरा रडले, मग निघालो.

कोपऱ्यावर मात्र दुकान होतं. चिनी कुटुंबाचं, तिकडे जवळजवळ प्रत्येक गावात असायचं तसं. तांदूळ, मेणबत्त्या, सार्डिनचे डबे, चपला, सगळं एकाच फळीवर. गल्ल्यावर तेव्हाच्या मालकाचा मुलगा, आता स्वतः साठीचा. तो बाबांकडे बघत राहिला, मग आत जाऊन थोड्या वेळाने आला आणि म्हणाला, "इंडियन, लॅबोरेटरी, रोज संध्याकाळी एक आगपेटी." बाबा तेव्हा सिगारेट ओढायचे! आईला माहीत नव्हतं, आम्हाला तर नाहीच. दादा आणि मी एकमेकांकडे बघतोय, बाबा छताकडे.

तांतीनबद्दल त्याने सांगितलं. त्या वीसेक वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी फ्रान्सला असते. त्याने तिचा नंबर शोधून दिलाय, मी अजून फोन केलेला नाही. काय बोलायचं ते सात वर्षांच्या क्रिओलमध्ये बसत नाही.

शेंगदाणा_कूट

"इस आलां" काहीतरी म्हणा आणि फोन लावा. (मला क्रिओल येत नाही.) आणि दुकानात उधारी वगैरे राहिली नव्हती ना काकांची?

ऊसकन्या

तुम्हाला कसं कळलं! तिकडे दुकानदाराकडे उधारीची छोटी वही असते, कार्ने म्हणतात. बाबांना एकदम आठवलं की परतताना घाईत शेवटच्या महिन्याचा हिशोब केला की नाही, खात्री नाही. मालकाने हात जोडले, म्हणाला वडिलांच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या. बाबा ऐकेनात. शेवटी तोडगा म्हणून त्यांनी त्याच्याकडून तपकिरी साखरेची पाच पाकिटं घेतली, सुटे परत घेतले नाहीत. आमच्या बॅगेत आधीच संग्रहालयातली साखर होती. सामानाचं वजन वाढलं, माझ्या दोन चपला चालकाच्या बायकोला मिळाल्या.

काल सकाळी बाबांनी एक पाकीट फोडलं. चिमूटभर साखर काचेवर घेतली, खिडकीपाशी गेले, भिंगातून बघितलं. बराच वेळ. मी चहा घेऊन उभी.

"दाणा एकसारखा नाही," म्हणाले. "पॅनमन नवीन असेल."

मग तीच साखर चहात घातली.